दूरचित्रवाणी संचाची चित्र-ध्वनी जुळवणी

कार्यक्रम तयार करणाऱ्यांनी संपादनकक्षात जे चित्र पाहिले आणि जो आवाज ऐकला, त्याच्या शक्य तितके जवळ जाण्यासाठी घरातील टीव्हीच्या नियंत्रणांत केलेल्या बदलांना चित्र-ध्वनी जुळवणी म्हणतात. चित्र आवडणे ही ज्याच्या त्याच्या रुचीची बाब असली, तरी ते बरोबर असण्याला मोजता येणारा आधार आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.७०९ या शिफारशीत हाय-डेफिनिशन चित्राचे मूळ रंग आणि पांढऱ्याचा संदर्भबिंदू (डी६५, सुमारे ६५०० केल्विन) निश्चित केलेला आहे. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढत जावा, हे २०११ मधील बीटी.१८८६ ही शिफारस सांगते.

‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ हा पिक्चर मोड (चित्राच्या नियंत्रणांचा आधीच ठरवलेला संच) विक्रीदालनाच्या झगझगीत उजेडात नजर खेचून घेण्यासाठी असतो. त्यात पांढरा रंग निळसर होतो आणि चेहरे भडक दिसतात. ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा टीव्ही उत्पादक आणि चित्रपट स्टुडिओ यांच्या यूएचडी अलायन्स या संघटनेने २०१९ मध्ये जाहीर केलेला ‘फिल्ममेकर मोड’ निवडला, की निम्म्याहून अधिक काम तिथेच होते. हे मोड सुरुवातीला पिवळट वाटतात, कारण डोळ्यांना निळसर पांढऱ्याची सवय झालेली असते. ती मोडेपर्यंत थोडे थांबावे आणि रंगांना हात लावू नये.

पुष्कळ संचांत ‘ब्राइटनेस’ हे नियंत्रण एकूण उजेड नव्हे, तर काळ्याची पातळी बदलते. एकूण उजेड ‘बॅकलाइट’ किंवा तत्सम वेगळ्या नियंत्रणाने कमीजास्त होतो. काळ्याची पातळी चढली तर रात्रीचे दृश्य राखाडी धुक्यात बुडते, उतरली तर काळ्या कोटाच्या चुण्या आणि केसांच्या बटा एका डागात मिसळून जातात. यासाठीच्या चाचणी-चित्रात काळ्याहून किंचित गडद आणि किंचित उजळ अशा पट्ट्या असतात. गडद पट्टी पूर्ण दिसेनाशी व्हावी आणि उजळ पट्टी जेमतेम दिसावी, इथे नियंत्रण थांबवायचे. पांढऱ्याची पातळी ठरवणाऱ्या ‘कॉन्ट्रास्ट’ची परीक्षा उलट टोकाला, ढगांत किंवा पांढऱ्या सदऱ्याच्या पोतात होते. शार्पनेस वाढवल्याने नवा तपशील येत नाही; कडांभोवती कृत्रिम रेघा उमटतात आणि सूक्ष्म तपशील त्यांखाली झाकला जातो, म्हणून ते संचाच्या तटस्थ बिंदूवर ठेवावे. हा बिंदू काही संचांत शून्यावर, तर काहींत मधोमध असतो.

चित्रपट सहसा सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. दोन चौकटींमध्ये स्वतः रचलेल्या चौकटी घालणारी ‘मोशन स्मूदिंग’ सुविधा चालू असेल, तर चित्रपट स्टुडिओतील मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. खेळांच्या प्रक्षेपणाला तिचा काही उपयोग होऊ शकतो, पण चित्रपटासाठी ती बंदच असावी. एचडीआर (उजेड-अंधाराचा अधिक मोठा पल्ला दाखवणाऱ्या) चित्राची जुळवणी बहुधा स्वतंत्रपणे साठवली जाते, त्यामुळे एचडीआर कार्यक्रम सुरू असतानाच ती तपासावी लागते. खोलीत भरपूर ऊन येत असेल, तर दिवसा आणि रात्री बॅकलाइटच्या वेगळ्या पातळ्या ठेवणे योग्य. पडद्यावर थेट पडणारा उजेड मात्र कोणतेही नियंत्रण भरून काढू शकत नाही.

ध्वनीची मुख्य तक्रार संवाद ऐकू न येण्याची असते. बारीक जाडीच्या संचांतील लहान स्पीकरांची तोंडे बरेचदा खाली किंवा मागे असतात. शिवाय ५.१ ध्वनी हा सहा स्वतंत्र ध्वनिप्रवाहांत, म्हणजे वाहिन्यांत, विभागलेला असतो; त्यातील संवाद प्रामुख्याने मधल्या वाहिनीत असतात आणि सहा वाहिन्या दोन स्पीकरांत एकवटताना ते संगीताखाली दबतात. बाहेरचे स्पीकर नसतील, तर कार्यक्रमाचा स्टीरिओ ध्वनिमार्ग निवडावा, खर्ज थोडा कमी करावा आणि संवाद ठळक करणारी सोय वापरावी. ‘नाइट मोड’ मोठ्या व हळू आवाजांतील अंतर घटवतो. घरात कमी ऐकू येणारे कोणी असेल, तर मूळ ध्वनिमिश्रणाच्या शुद्धतेपेक्षा संवादाची स्पष्टता महत्त्वाची मानावी.

ओठ आणि आवाज यांचा मेळ हा दोन्ही बाजूंना जोडणारा प्रश्न आहे. बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला, तर प्रेक्षकाला फरक जाणवू लागतो; प्रकाशापेक्षा ध्वनी सावकाश पोहोचत असल्याने उशिराची चूक मनुष्य अधिक खपवून घेतो. चित्रावरील प्रक्रियेला वेळ लागत असल्यामुळे साउंडबारमधून (टीव्हीला जोडलेल्या बाहेरच्या लांबट स्पीकरमधून) आवाज पुढे धावतो, तेव्हा ‘ऑडिओ डिले’ वाढवावा. एचडीएमआय २.१ मधील, टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेणारी ईएआरसी जोडणी हा मेळ आपोआप साधू शकते. आवाजच मागे पडत असेल, तर डिले शून्यावर आणून चालू असलेल्या ध्वनिप्रक्रिया बंद कराव्यात.