अमेरिकेतल्या गरीब ज्येष्ठांना औषधांसाठी मदत कशी मिळू लागली

30 जुलै 1965 रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, कायद्यावर सही केली. 65 वर्षांवरच्या लोकांच्या हॉस्पिटलचा आणि डॉक्टरांचा बराचसा खर्च त्यामुळे भागू लागला. डॉक्टरांनी लिहून दिलेली, घरी घ्यायची औषधं मात्र बाहेरच राहिली. पुढे रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या जन्मभराच्या झाल्या आणि गरीब म्हातारी माणसं कात्रीत सापडली. काही राज्यांनी आपापली सोय केली. न्यू जर्सीने 1970च्या दशकात योजना आणली, पेनसिल्व्हेनियाने 1984 पासून लॉटरीच्या उत्पन्नातून औषधं पुरवली.

1988 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, औषधखर्च मेडिकेअरमध्ये घेतलाही. पण त्याचा भार ज्येष्ठांवरच, उत्पन्नाप्रमाणे जास्तीच्या कराच्या रूपाने टाकला. वर्षाला कमाल 800 डॉलर. ज्यांना तो लागूच नव्हता तेही धास्तावले. ऑगस्ट 1989 मध्ये शिकागोत संतापलेल्या ज्येष्ठांनी कायद्याला पाठिंबा देणारे खासदार डॅन रोस्टेन्कोव्स्की यांची गाडी अडवली, गाडीवर फलक आपटले. अखेर त्यांना गाडीतून उतरून पळावं लागलं. त्याच वर्षी कायदा मागे घेतला गेला. कर टळला तो बऱ्या स्थितीतल्यांचा. औषधांची मदत गेली ती गरिबांचीही. मला हा या इतिहासातला सर्वांत दुःखद भाग वाटतो, कारण पुढची संधी यायला तब्बल 14 वर्षं लागली.

डिसेंबर 2003 मध्ये अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि 1 जानेवारी 2006 पासून मेडिकेअरचा औषधांसाठीचा भाग, 'पार्ट डी', सुरू झाला. कमी उत्पन्नवाल्यांसाठी त्यातच 'एक्स्ट्रा हेल्प' ठेवली: विम्याचा हप्ता आणि औषधांचा खर्च दोन्हींत सवलत. मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, असलेल्यांना ती आपोआप मिळते, इतर बहुतेकांना सोशल सिक्युरिटीकडे, म्हणजे सरकारी पेन्शनच्या खात्याकडे, अर्ज करावा लागतो. 2022च्या कायद्याने 2024 पासून दारिद्र्यरेषेच्या दीडपट उत्पन्नापर्यंत पूर्ण मदत दिली, मात्र संपत्तीची मर्यादा कायम ठेवली.

मुलांकडे गेलेल्या आपल्या आईवडिलांनाही हे लागू पडू शकतं, पण ग्रीन कार्डावर आलेल्यांना मेडिकेअर विकत घेण्याआधी साधारणपणे सलग पाच वर्षं तिथं राहावं लागतं. शिवाय संपत्ती मोजताना राहतं घर आणि गाडी धरत नाहीत, पण इतर स्थावर मालमत्ता हिशेबात धरतात. पुण्यातला फ्लॅट किंवा गावची जमीन नावावर असेल तर अर्जात दाखवायलाच हवी.