‘काळा पोप’ व्हॅटिकन चालवतो? खुलासा

जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचे प्रमुख, म्हणजे सुपिरिअर जनरल, हेच ‘काळे पोप’. खरा कारभार त्यांचा, पांढऱ्या झग्यातले पोप नावापुरते, असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. काळ्या झग्यापलीकडे त्यात तथ्य नाही.

१७७३ मध्ये पोप चौदावे क्लेमेंट यांनी हा संघच बरखास्त केला. तेव्हाचे जनरल लोरेन्झो रिच्ची रोमच्या किल्ल्यात कैद झाले आणि १७७५ मध्ये तिथेच वारले. सर्वसत्ताधीशाची ही गत?

अलीकडचं उदाहरण पेद्रो अरुपे यांचं. १९६५ मध्ये ते जनरल झाले. १९७४-७५ च्या महासभेने (संघाच्या सर्वोच्च प्रतिनिधी सभेने) श्रद्धेच्या सेवेला सामाजिक न्यायाचा आग्रह जोडला, आणि व्हॅटिकनची नाराजी वाढत गेली. १९८० मध्ये अरुपेंना पायउतार व्हायचं होतं; पोप दुसरे जॉन पॉल यांनी थांबवलं. १९८१ मध्ये अरुपेंना पक्षाघात झाला. त्यांनी निवडलेल्या सहकाऱ्याला डावलून पोपनी पाओलो देझ्झा यांना स्वतःचे प्रतिनिधी नेमलं. संघाला नवा जनरल निवडता आला तो थेट १९८३ मध्ये.

जनरलची निवड तहहयात असते हे खरं, पण महासभा त्यांना हटवूही शकते. (कटकथांमध्ये हे कलम कुणी सांगत नाही.)