ट्विचेलची छावणीपत्रे

ट्विचेलची छावणीपत्रे : अमेरिकन यादवी युद्धाच्या (१८६१–६५) पहिल्या वर्षी जोसेफ हॉपकिन्स ट्विचेल (१८३८–१९१८) या तरुण प्रॉटेस्टंट पाळकाने सैन्याच्या प्रशिक्षण छावणीतून कनेक्टिकट राज्यातील आपल्या घरी लिहिलेली पत्रे. न्यूयॉर्क शहरालगतच्या स्टेटन आयलंडवर कॅम्प स्कॉट नावाची छावणी होती. तेथून १८६१ च्या उन्हाळ्यात लिहिलेली पत्रे हा या संचाचा गाभा. पुढे मेरिलंडमधून लिहिलेली पत्रे याच गटात धरायची की नाही, हे प्रशिक्षणाचा काळ कोठे संपला असे मानावे यावर ठरते. काटेकोर अर्थ घेतल्यास जुलै १८६१ मध्ये ट्विचेलची एक्सेल्सिअर ब्रिगेड (अनेक रेजिमेंटांची, म्हणजे पलटणींची, मिळून झालेली फौज) वॉशिंग्टनकडे निघाली तेथेच मर्यादा पडते. तथापि मेरिलंडमध्येही हिवाळाभर कवायत, पहारे आणि तंबूतले जीवन हेच चालू होते आणि ब्रिगेडची पहिली मोठी लढाई विल्यम्सबर्ग येथे ५ मे १८६२ रोजी झाली. त्यामुळे वसंत १८६२ पर्यंतची पत्रे एकत्र वाचणे अधिक सयुक्तिक वाटते.

ट्विचेलचा जन्म कनेक्टिकटमधील साउदिंग्टन येथे झाला. वडील एडवर्ड यांचा चामडी कमावण्याचा व्यवसाय होता आणि ते स्थानिक काँग्रिगेशनल (प्रॉटेस्टंट) चर्चचे डीकन, म्हणजे पाळकाला साह्य करणारे पदाधिकारी, होते. (हा पंथ मराठी वाचकाला अपरिचित नाही. १८१३ पासून मुंबईत व पुढे अहमदनगरला काम करणारे अमेरिकन मराठी मिशन मुख्यतः याच पंथाच्या पाठबळावर उभे होते.) १८५९ मध्ये येल येथून पदवी घेऊन जोसेफ न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत धर्मशास्त्र शिकू लागला. १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट सम्टर या किल्ल्यावर तोफा डागल्या जाऊन युद्धाला तोंड फुटले, १५ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष लिंकनने ७५,००० स्वयंसेवकांची हाक दिली आणि त्याच महिन्याच्या उत्तरार्धात ट्विचेलने वडिलांना पत्र लिहून सैन्यात पाळक म्हणून जाण्याचा मनोदय कळवला. हे पत्र छावणीतले नसले तरी पुढच्या सर्व पत्रांची किल्ली त्यात आहे. आपण निवडलेली पलटण रांगड्या, वाममार्गाला लागलेल्या माणसांची आहे हे तो लपवत नाही. उलट हीच पलटण का, याचे उत्तर म्हणून तेच कारण पुढे करतो. प्रतिष्ठित नागरिकांच्या तुकड्यांना पाळक मिळाले होते, या लोकांकडे कोणी पाहत नव्हते. धार्मिक पुनरुज्जीवनाची लाट उसळेल अशी त्याची अपेक्षा नव्हती. ज्यांना मायेची वागणूक फारशी मिळालेली नाही त्यांना ती दिली तर काही चांगला ठसा उमटेल, इतकेच त्याचे म्हणणे. तेवीस वर्षांच्या आतल्या सेमिनरीच्या विद्यार्थ्याकडून इतका माफक हिशेब थोडा अनपेक्षितच.

एक्सेल्सिअर ब्रिगेड आणि तिचा वादग्रस्त दर्जा : ट्विचेल ज्या ब्रिगेडमध्ये गेला ती डॅनिएल सिकल्सने उभारली होती. डेमोक्रॅटिक पक्षाचा हा माजी काँग्रेस सदस्य १८५९ मध्ये वॉशिंग्टनच्या लाफायेट चौकात फिलिप बार्टन की याला भर दिवसा गोळी घालून ठार मारल्याबद्दल देशभर गाजला होता. कीचे सिकल्सच्या पत्नीशी संबंध होते आणि तात्पुरत्या वेडाच्या भरात कृत्य घडले हा बचाव मान्य होऊन सिकल्स निर्दोष सुटला. डीकनच्या मुलाने अशा सेनानीच्या हाताखाली जाणे घरच्यांना कितपत रुचले असेल, याची कल्पना करता येते.

सिकल्सने आधी एक रेजिमेंट आणि मग पाच रेजिमेंटांची ब्रिगेड उभारायला घेतली. सुरुवातीला न्यूयॉर्क राज्याचा गव्हर्नर एडविन मॉर्गन याचा त्याला पाठिंबा होता. परंतु राज्याच्या इतर भागांतून तक्रारी येताच मॉर्गनने आठ कंपन्या ठेवून बाकीचे लोक घरी पाठवण्याचा हुकूम काढला. पायदळाच्या एका रेजिमेंटला दहा कंपन्या लागत. म्हणजे ब्रिगेड तर सोडाच, एक रेजिमेंटही पुरी झाली नसती. सिकल्सने थेट लिंकनला गाठले आणि ही माणसे राज्याची नव्हेत, संयुक्त संस्थानांची स्वयंसेवक म्हणून घ्यावीत असा आग्रह धरला. लिंकनला माणसे हवी होती, पण गव्हर्नरांना दुखवायचे नव्हते. निर्णय रेंगाळला. मधल्या काळात शेकडो माणसांच्या खाण्यापिण्याचा खर्च सिकल्सने उधारीवर भागवला. त्याने सर्कशीचा तंबू भाड्याने घेतला, न्हाव्याशी घाऊक दराने दाढ्यांचा सौदा केला, अशा गोष्टी चरित्रकार सांगतात. त्यांचा बराचसा आधार सिकल्सच्या स्वतःच्या आठवणी हाच असल्याने त्या तारतम्याने घ्याव्यात. अखेरीस जून-जुलै १८६१ मध्ये रेजिमेंटा कॅम्प स्कॉटवर रीतसर संघराज्याच्या सेवेत नोंदल्या गेल्या. काही कंपन्या न्यूजर्सी, मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया आणि मिशिगनमधून आलेल्या असल्याने त्या कोणत्या राज्याच्या खाती जमा धरायच्या, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहिला.

कॅम्प स्कॉटवरची पत्रे वाचताना हा तपशील ध्यानात ठेवावा लागतो. त्यांतील बराच काळ पगाराचा पत्ता नसलेल्या आणि उद्या आपल्याला घरी पाठवतील की आघाडीवर, हे ठाऊक नसलेल्या माणसांच्या सहवासातला आहे. बेशिस्त, दारू आणि पळून जाणे यांचा दोष त्या काळचे निरीक्षक सर्रास भरतीच्या दर्जाला देतात. त्यातला निदान काही वाटा या टांगणीचा असावा.

क्रमांकाचा घोटाळा : ट्विचेलची रेजिमेंट संदर्भग्रंथांत ७१ वी न्यूयॉर्क पायदळ रेजिमेंट म्हणून आढळते. हा क्रमांक तिला १८६१ च्या अखेरीस, ब्रिगेड न्यूयॉर्कच्या खाती जमा झाल्यावर मिळाला. तोवर ती एक्सेल्सिअर ब्रिगेडची दुसरी रेजिमेंट होती आणि तिचा कर्नल जॉर्ज हॉल होता. त्या उन्हाळ्यातल्या पत्रांत ७१ हा आकडा येणे शक्य नाही. घोटाळ्याचे खरे कारण असे की, न्यूयॉर्क राज्य मिलिशियाची (नागरी सैन्याची) ७१ वी रेजिमेंट आधीपासून वेगळी अस्तित्वात होती. ती तीन महिन्यांच्या करारावर वॉशिंग्टनला गेली आणि २१ जुलै १८६१ रोजी बुल रनच्या पहिल्या लढाईत लढली. त्यामुळे ‘७१ वी न्यूयॉर्क’ एवढ्यावर विसंबून ट्विचेलला बुल रनच्या रणांगणावर नेऊन बसवणे सोपे आहे, आणि चूक आहे. नुसते ‘दुसरी रेजिमेंट’ म्हटल्यानेही भागत नाही, कारण ट्रॉय शहरात उभारलेली दुसरी न्यूयॉर्क पायदळ रेजिमेंट निराळीच. ब्रिगेडच्या पाच रेजिमेंटांना अनुक्रमे ७० ते ७४ हे क्रमांक मिळाले. त्यांतील चौथी, म्हणजे ७३ वी, न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलांतील लोकांची होती. दिनांक आणि स्थळ पत्रावर असेल तर त्यांवरून, आणि नसेल तर ब्रिगेडच्या उल्लेखावरून रेजिमेंट ठरवणे हा सुरक्षित मार्ग.

चॅप्लिनचे कायदेशीर स्थान : स्वयंसेवक रेजिमेंटला एक चॅप्लिन (सैन्यातील पाळक) असावा आणि त्याची निवड रेजिमेंटच्या अधिकाऱ्यांच्या मताने कर्नलने करावी, अशी व्यवस्था मे १८६१ च्या युद्धखात्याच्या हुकुमांनी झाली, जुलै-ऑगस्टमधील कायद्यांनी ती पक्की केली. चॅप्लिन हा ख्रिस्ती पंथाचा विधिवत दीक्षित उपदेशक असला पाहिजे ही मुख्य अट होती. वेतन घोडदळाच्या कॅप्टनइतके, म्हणजे महिना सुमारे १४५ डॉलर. हाताखाली माणसे नाहीत आणि हुद्दा नेमका कोणता हे स्पष्ट नाही, अशी ही नेमणूक होती. गणवेश नोव्हेंबर १८६१ च्या हुकुमाने ठरला : साधा काळा कोट, उभी कॉलर, पुढे काळ्या बटणांची एकच रांग, नऊ बटणे, टोपीवर बिल्ला नाही.

ट्विचेल या अटीत बसत नव्हता. सेमिनरीचा अभ्यासक्रम अर्धा टाकून तो आला होता, आणि विधिवत दीक्षा त्याला युद्ध चालू असताना, १८६३ च्या सुमारास मिळाली. उरलेले शिक्षण त्याने युद्धानंतर अँडोव्हर येथे पुरे केले. त्याच्या बाबतीत कोणी हरकत घेतल्याचे दिसत नाही. हाच नियम इतरांना मात्र नडला. पेनसिल्व्हेनियाच्या एका घोडदळ रेजिमेंटने मायकेल ॲलन या हिब्रूच्या ज्यू शिक्षकाला चॅप्लिन निवडले होते. तो ख्रिस्ती नाही आणि दीक्षितही नाही, म्हणून १८६१ मध्ये त्याला पद सोडावे लागले. त्याच्या जागी अर्नोल्ड फिशेल याचे नाव पुढे आले, तेही नाकारले गेले. फिशेल लिंकनला जाऊन भेटला. १७ जुलै १८६२ च्या कायद्याने ‘ख्रिस्ती पंथ’ या जागी ‘धार्मिक पंथ’ असा बदल झाला. त्याच कायद्याने वेतन १०० डॉलरवर आणले आणि अधिकृत धर्मसंस्थेची किंवा किमान पाच मान्यताप्राप्त उपदेशकांची शिफारस सक्तीची केली. नेमणुका कडक करण्यामागे १८६१ च्या घाईत भरलेल्या अपात्र चॅप्लिनांविषयीच्या तक्रारी होत्या. संघराज्याच्या बाजूने युद्धकाळात एकूण सुमारे २,३०० चॅप्लिनांनी सेवा केल्याचा अंदाज आहे.

पत्रांचे स्वरूप : पत्रे प्रामुख्याने वडिलांना व घरच्या मंडळींना उद्देशून आहेत. उपदेशकाने डीकनला लिहिलेली असूनही त्यांत धर्मचर्चा बेताचीच. छावणीतली माणसे, त्यांची भाषा, रविवारची उपासना, अधिकाऱ्यांचे स्वभाव आणि स्वतःच्या कामाविषयीची शंका हे विषय वारंवार येतात. सिकल्सविषयी त्याचा सूर आदराचाच राहिला. हा भाग अभ्यासकांना कधी भाबडा वाटतो. पण आपल्या जवानांसाठी भांडणारा अधिकारी छावणीतल्या पाळकाला कसा दिसत असेल, हे पाहता तो समजण्याजोगा आहे.

सर्वांत मोलाचा धागा कॅथलिकांशी आलेल्या संबंधाचा. रेजिमेंटमधील बरेचसे जवान आयरिश कॅथलिक होते. न्यू इंग्लंडच्या कडव्या प्रॉटेस्टंट वातावरणात वाढलेल्या तरुणासमोर त्याच्या उपासनेला न येणारी, त्याच्याकडून संस्कार न घेणारी माणसे रोज उभी होती. अशा वेळी पाळकाकडे उरते ते रुग्णाशेजारी बसणे, लिहिता न येणाऱ्यासाठी पत्र लिहिणे, पगार घरी पोहोचवण्याची सोय पाहणे. त्या काळच्या अनेक चॅप्लिनांचा बराच वेळ याच कामात गेला. १८६१ मध्येच जोसेफ ओहेगन हा जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाचा) धर्मगुरू ब्रिगेडमध्ये आला आणि दोघांची घट्ट मैत्री जमली. डिसेंबर १८६२ मध्ये फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईनंतरच्या कडाक्याच्या थंडीत दोघांनी आपापली कांबळी एकत्र करून एकमेकांना बिलगून रात्र काढली. मध्येच ओहेगनला हसू फुटले : जेझुइट आणि प्युरिटन (कडवा प्रॉटेस्टंट) एका पांघरुणात, हे पाहून देवदूतांना काय वाटेल! ओहेगन पुढे वुस्टरच्या होली क्रॉस महाविद्यालयाचा अध्यक्ष झाला.

टपाल आणि तपासणी : अर्ध्या औंसाच्या साध्या पत्राला ३ सेंट टपालखर्च लागे. जुलै १८६१ च्या कायद्याने जवानांना तिकीट न लावता पत्र पाठवता येऊ लागले. पाकिटावर ‘जवानाचे पत्र’ अशी नोंद आणि अधिकाऱ्याची सही हवी, पैसे घेणाऱ्याने भरायचे. अशा सह्या करण्याचे काम चॅप्लिनकडेही येई. या युद्धात जवानांच्या पत्रांची पद्धतशीर तपासणी नव्हती, म्हणूनच स्थळांची नावे, सेनानींवरची टीका आणि हालचालींचे तपशील पत्रांत मोकळेपणी उतरले. पहिल्या महायुद्धात हे चित्र पार बदलले. ब्रिटिश सैन्यात जवानांची पत्रे त्यांचेच अधिकारी वाचत, आणि फ्रान्समधील भारतीय जवानांच्या टपालासाठी १९१४ मध्ये एव्हलिन हॉवेल या अधिकाऱ्याखाली स्वतंत्र तपासणी कचेरी बुलोन येथे होती. त्या भारतीय पत्रांचे आज हाती असलेले उतारे मुख्यतः या कचेरीने केलेल्या इंग्रजी भाषांतरांतून आलेले आहेत. लेखक, लेखनिक आणि तपासनीस असे तीन हात त्यांत असतात. ट्विचेलच्या पत्रांत एकच.

जतन आणि प्रकाशन : ट्विचेल जुलै १८६४ पर्यंत सैन्यात राहिला. २ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्गच्या लढाईत सिकल्सचा पाय कापावा लागला तेव्हा ट्विचेल त्याच्याजवळ होता. १८६५ पासून १९१२ पर्यंत तो हार्टफर्डच्या असायलम हिल काँग्रिगेशनल चर्चचा पाळक होता. तेथे १८६८ मध्ये लेखक मार्क ट्वेनशी ओळख झाली. १८७० मध्ये ट्वेनचे लग्न लावणाऱ्या दोन पाळकांपैकी ट्विचेल हा एक. संगीतकार चार्ल्स आइव्ह्ज हा ट्विचेलचा जावई. ट्वेनचा जिवलग मित्र हीच ओळख ठळक झाल्याने युद्धातली पत्रे दीर्घकाळ चरित्राच्या तळटीपांपुरती वापरली गेली. त्याची कागदपत्रे येल विद्यापीठाच्या बायनिकी ग्रंथालयात आहेत. पत्रांची निवड पीटर मेसेंट आणि स्टीव्ह कोर्टनी यांनी संपादित करून २००६ मध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या मुद्रणालयातर्फे प्रसिद्ध केली. दोन वर्षांनी कोर्टनीने लिहिलेले चरित्रही तेथूनच आले. संपादकांपैकी मेसेंट हा मुळात ट्वेनचा अभ्यासक. सैनिकी संघटनेचा किंवा चॅप्लिनविषयक कायद्याचा मागोवा घेणाऱ्याला म्हणूनच या निवडीबरोबर रेजिमेंटची हजेरीपत्रके आणि युद्धखात्याचे हुकूम समोर ठेवावे लागतात.