वालुमाशी म्हणजे छोटा डास नव्हे

भिंतीवर बसलेला कीटक डास की वालुमाशी, हे पंखांवरून ओळखावं. डास बसला की पंख पाठीवर आडवे मिटून घेतो. वालुमाशी बसल्यावरही पंख वर उभारून ठेवते, इंग्रजी 'व्ही'सारखे. अंग केसाळ, रंग मातकट, लांबी जेमतेम २-३ मिलिमीटर. ती कानाशी गुणगुणत नाही आणि लांब उडतही नाही, भिंतीवरून टुणटुण उड्या मारत सरकते. चावते ती मात्र दोघांतही मादीच.

मोठा फरक अंडी कुठे घातली जातात त्यात आहे. डासाला साचलेलं पाणी लागतं. वालुमाशीला गोठ्याची ओलसर, शेण-पाचोळा मिसळलेली माती आणि मातीच्या भिंतींतल्या भेगा पुरतात. म्हणून 'आठवड्यातून एक कोरडा दिवस' डेंग्यूसाठी कितीही चांगला असला, तरी वालुमाशीचं त्याने काही बिघडत नाही. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतूनही ती आत शिरते.

दोघंही परजीवी पसरवतात, पण वेगळ्या तऱ्हेने. मलेरियाचा परजीवी ॲनॉफिलिस डासाच्या लाळग्रंथींत पोचतो आणि लाळेबरोबर आपल्या रक्तात उतरतो. काळ्या आजाराचा (काला-आजार) परजीवी लेशमानिया वालुमाशीच्या आतड्यात इतका माजतो की घशाशी बोळा बसतो. मग रक्त ओढताना ती परजीवी जखमेतच ओकते. चाव्यातूनच हा आजार माणसाला होतो, हे स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन या संशोधकांनी १९४२ मध्ये स्वयंसेवकांवर दाखवून दिलं.

तापातही गोंधळ होतो, कारण प्लीहा (पोटाच्या डाव्या बाजूचा अवयव) दोन्हींत वाढते. मलेरिया चाव्यानंतर साधारण दहा-पंधरा दिवसांत थंडी वाजवत येतो. काळा आजार बहुधा काही महिन्यांनी, हळूहळू येतो: ताप रेंगाळतो, माणूस वाळत जातो, पोट तेवढं फुगतं. बिहार, झारखंड, पूर्व उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल या पट्ट्यात दोन आठवड्यांवर ताप राहिला आणि मलेरियाच्या गोळ्यांनी हटला नाही, तर आरके-३९ ही झटपट चाचणी करतात. उपचार न झाल्यास हा आजार बहुतेक वेळा जीवघेणा ठरतो.

गंमत म्हणजे या माशीला पहिला मोठा तडाखा डासांच्या नावाने बसला. १९५३ पासून मलेरियासाठी घराघरांच्या भिंतींवर डीडीटी मारली गेली आणि काळा आजार जवळपास दिसेनासा झाला. फवारणी थंडावली, आणि १९७० च्या दशकात तो बिहारमध्ये जोरात परतला. आता तिथे घराच्या आणि गोठ्याच्याही भिंतींवर सहा फुटांपर्यंत फवारतात, कारण ही माशी बहुतेक खालच्या भागातच बसते. रस्त्यावरून धूर सोडत फिरणाऱ्या गाडीने बघणाऱ्याचं समाधान होतं, भेगेत दडलेल्या माशीचं फारसं काही होत नाही.

महाराष्ट्राचा संबंध वेगळ्या वाटेने येतो. नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावावरून नाव पडलेला विषाणू १९६५ मध्ये सापडला. तो परजीवी नव्हे, पण त्याचा संशयही वालुमाशीवरच आहे. २००३ मध्ये आंध्र प्रदेशातल्या साथीत मेंदूज्वर झालेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक दगावली, कित्येक तर एक-दोन दिवसांत. पावसाळ्यात विदर्भातल्या एखाद्या गावी असा रुग्ण निघाला, तर डबक्यात गप्पी मासे सोडण्याआधी भिंतीच्या भेगा लिंपाव्यात आणि शेणाचा ढीग घरापासून लांब न्यावा.