कमरेवरची रेघ

खानापूरच्या आमच्या आत्तीला किडनी बसवून सात वर्षं झाली. परवा परकराची नाडी सोडताना म्हणाली, "हितं कायतरी खरखरीत लागतंय, बघ गं." नाडीचा काळा वळ तर साडी नेसणाऱ्या कितीतरी बायकांच्या कमरेवर असतो. आत्तीच्या वळावर मात्र हरभऱ्याच्या डाळीएवढा, खपली धरलेला उंचवटा होता.

एरवी मी मलम लावून विसरले असते. पण नवी किडनी शरीरानं परकी म्हणून झिडकारू नये यासाठी टॅक्रोलिमससारख्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात, आणि त्या प्रतिकारशक्तीला मुद्दाम पेंग आणतात. कातडीतल्या बिघडलेल्या, कॅन्सरकडे वळू पाहणाऱ्या पेशी वेळीच हेरून मारणारी राखणही हीच. ती पेंगली की चामखिळीचे विषाणूसुद्धा फोफावतात. अझाथायोप्रिन हे जुनं औषध तर आणखी एक घोळ करतं: त्याचा अंश पेशींच्या डीएनएत जाऊन बसतो आणि उन्हातले अतिनील-ए किरण शोषून तिथंच नासधूस करतो. गोऱ्या लोकांत किडनी बदलल्यावर स्क्वेमस प्रकारचा (कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा) त्वचेचा कॅन्सर इतरांच्या 65 ते 250 पट आढळला आहे. नुसत्या डायलिसिसवर असलेल्यांना धोका त्याहून बराच कमी, पण रक्तात साठणारी घाण त्यांचीही प्रतिकारशक्ती खच्ची करतेच.

आपल्या सावळ्या कातडीला मेलॅनिन या रंगद्रव्याची छत्री आहे, म्हणून हे आकडे इथं जसेच्या तसे लावू नयेत. निपाणीच्या शिवारात भर उन्हात राबणाऱ्यानं पूर्ण बाह्या आणि डोक्याला टॉवेल हे पाळावंच. पण माझ्या मते सगळा भर सनस्क्रीनवर देणं ही गोऱ्यांच्या सल्ल्याची नक्कल झाली. सावळ्या माणसांत हा कॅन्सर पुष्कळदा ऊन न लागणाऱ्या जागी उगवतो: जांघेत, पायावर, चुलीवर भाजलेल्या जुन्या वणावर. आणि कमरेवर. 1945 सालीच कॅन्सरचे संशोधक डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी धोतराच्या गाठीखाली होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली होती. साडीचाही पुढं तसाच आढळला. वर्षानुवर्षं एकाच जागी काच, घाम, घासणं.

डायलिसिसवाल्यांना खाज सुटते, कातडी काळवंडते; त्यातलं बहुतेक निरुपद्रवी असतं. महिनाभर न भरणारी जखम, रक्ताळणारी चामखीळ, तळव्यावर पसरत जाणारा काळा डाग मात्र त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचाच. भीतीपोटी गोळ्या बंद करायच्या नाहीत, बसवलेली किडनी हातची जाईल. गरज वाटली तर डॉक्टर सिरोलिमस या त्याच कामाच्या दुसऱ्या औषधावर नेतात, त्यानं हा धोका उतरतो.

आत्तीचा तुकडा तपासायला दिला, साधा निघाला. आता ती नाडीऐवजी रुंद पट्टा वापरते, तोही रोज थोडा वर-खाली, आणि महिन्यातून एकदा सुनेला पाठीमागं आरसा धरायला लावते. सून लाजते. आत्ती नाही.