झाड तोडायचं की छाटायचं? परवानगीचा अर्ज करण्याआधी

झाड तुमच्या आवारातलं असो, तुम्हीच लावलेलं असो, महाराष्ट्रात महापालिका-नगरपरिषदेच्या हद्दीत ते परस्पर तोडता येत नाही. 1975 चा नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा इथे लागू होतो. झाड जाळणं किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणं हीसुद्धा या कायद्याच्या लेखी तोडच. त्यामुळे मोठ्या फांद्यांची छाटणीही परवानगी घेऊनच करा.

अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुतेक ठिकाणी उद्यान विभागात द्यायचा. तो जागेच्या मालकानं किंवा ताबेदारानं करावा. सोसायटी असेल तर ठरावाची प्रत जोडावी. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, झाडाची जागा दाखवणारा कच्चा नकाशा आणि फोटो सोबत ठेवा. झाडाची जात, बुंध्याचा घेर आणि अंदाजे वयही लिहा. शुल्क आणि अनामत रक्कम पालिकेनुसार बदलते. रस्त्यावरचं झाड पालिकेचं, त्यासाठी फक्त विनंती अर्ज करायचा.

सगळ्यात जास्त वेळ ‘कारण’ या रकान्याला द्या. ‘झाड धोकादायक आहे’ एवढंच लिहून भागत नाही. खोड पोकळ झालंय, झाड भिंतीकडे कललंय, फांदी वीजतारेला टेकतेय, जे असेल ते नेमकं लिहा आणि ते फोटोत दिसू द्या. पानांचा कचरा होतो म्हणून अख्खं झाड तोडायची परवानगी मागू नका. पुष्कळदा दोन फांद्या काढल्या की अडचण संपते, आणि झाड वाचतं. आधी छाटणीचाच अर्ज करावा, असं माझं ठाम मत आहे.

अर्जानंतर स्थळपाहणी होते. तोडीचा प्रस्ताव असेल तर झाडावर नोटीस लावून आणि वर्तमानपत्रातून नागरिकांच्या हरकती मागवतात. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरचं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरतं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. 30 वर्षांचं झाड गेलं तर 30 झाडं! जागा कुठे आहे, याचा विचार अर्जापूर्वीच करा.

परवानगी मिळाली तरी कुऱ्हाड लावण्याआधी घरटी बघा. वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी 1972 च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत. काम चालू असताना परवानगीपत्राची प्रत जागेवर ठेवा. झाड आत्ताच कोसळेल अशी स्थिती असेल, तर अर्जाच्या मागे न लागता थेट अग्निशमन दलाला कळवा.