हेवीवेट मुष्टियोद्धा : थोरवी आणि लोकप्रियता

मुष्टियुद्धातील सर्वांत वरच्या वजनी गटाला हेवीवेट म्हणतात. व्यावसायिक मुष्टियुद्धात साधारणपणे २०० पौंडांहून (सुमारे ९०.७ किलो) अधिक वजनाचे खेळाडू या गटात लढतात. खालच्या प्रत्येक गटाला वजनाची वरची मर्यादा असते; हेवीवेटला ती नाही. म्हणूनच या गटाचा जगज्जेता तो जगातला सर्वांत बलाढ्य लढवय्या, ही समजूत १९ व्या शतकाच्या अखेरीस जॉन एल. सलिव्हन या अमेरिकन मुष्टियोद्ध्याच्या काळात रुजली आणि अजून टिकून आहे. या गटात एकच ठोसा सगळा हिशेब उलटा करू शकतो. अकरा फेऱ्या गुणांनी पुढे असलेला माणूस बाराव्या फेरीत आडवा होतो. प्रेक्षक श्वास रोखून बसतात ते यासाठीच.

जगज्जेते पुष्कळ झाले. त्यांतले थोर मोजके, आणि थोर असूनही लोकांचे लाडके ठरलेले त्याहून मोजके. या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. थोरवी ठरते ती प्रतिस्पर्धी किती तोलामोलाचा होता आणि अंगाशी आल्यावर खेळाडूने काय केले यावरून. लोकप्रियतेला आणखी काही लागते : लढत कोणासाठी चालली आहे, हे प्रेक्षकाला मनातून वाटावे लागते.

नुसत्या देहयष्टीवर थोरवी ठरत नाही. रॉकी मार्सियानो जेमतेम ५ फूट १० इंच उंच आणि सुमारे ८४ किलो वजनाचा. आजच्या नियमांनी तो हेवीवेटमध्ये बसलाही नसता. हात आखूड, पवित्रा ओबडधोबड. पण दमसास असा, की समोरचा थकला तरी याचे हात थांबत नसत. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात जर्सी जो वॉल्कॉटविरुद्ध तो पहिल्याच फेरीत खाली पडला होता आणि गुणांनी मागे होता. तेराव्या फेरीत त्याच्या उजव्या हाताचा एक आखूड ठोसा वॉल्कॉटच्या जबड्यावर बसला आणि विजेतेपद त्याच्याकडे आले. ४९ पैकी ४९ लढती जिंकून तो १९५६ मध्ये निवृत्त झाला.

पराभवातून शिकणे ही थोरवीची त्याहून कठीण कसोटी. ती जो लुईने दिली. १९ जून १९३६ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये जर्मनीच्या माक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत गारद केले. श्मेलिंगने लुईच्या जुन्या लढतींचे चित्रण बारकाईने पाहिले होते. डाव्या हाताने जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) मारून झाल्यावर लुई तो हात खाली सोडतो आणि क्षणभर त्याचा जबडा उघडा पडतो, हे त्याने हेरले. संपूर्ण लढतभर त्या फटीतून त्याचा उजवा हात येत राहिला. पुढच्या वर्षी लुई जगज्जेता झाला खरा, पण श्मेलिंगला हरवेपर्यंत स्वतःला जगज्जेता म्हणवून घेण्यात त्याला समाधान नव्हते. २२ जून १९३८ रोजी त्याच मैदानात सुमारे ७०,००० लोकांपुढे दोघे पुन्हा उभे राहिले. यावेळी लुईने ती फट ठेवलीच नाही. श्मेलिंगला उजवा हात वापरायला सवडच दिली नाही. १२४ सेकंदांत खेळ आटोपला.

त्या रात्री रिंगणात दोन माणसे होती, पण लोकांच्या लेखी एका बाजूला हिटलरची जर्मनी होती. ज्या अमेरिकेत कृष्णवर्णीयांना अनेक ठिकाणी गोऱ्यांच्या शेजारी बसूही देत नसत, त्या अमेरिकेने एका कृष्णवर्णीयाला आपला माणूस मानले. श्मेलिंग स्वतः नाझी पक्षाचा सदस्य नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा त्याने दोन ज्यू मुलांना आपल्या खोलीत लपवले होते. पुढे लुई आणि श्मेलिंग मित्र झाले. ही मैत्री लक्षात घेतल्याशिवाय त्या लढतीची नोंद पुरी होत नाही. लुईने जगज्जेतेपद सलग २५ वेळा राखले; हा विक्रम आजही अबाधित आहे. युद्धकाळात त्याने लढतींची कमाई सैन्य आणि नौदलाच्या मदतनिधीला दिली, तरी पुढे करांच्या थकबाकीने तो आयुष्यभर पिचला.

लुईच्या आधी जॅक जॉन्सनला हे प्रेम मिळाले नाही. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून तो पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला. गोऱ्या अमेरिकेने त्याला हरवण्यासाठी निवृत्त जिम जेफ्रीजला परत आणले. ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे जॉन्सनने त्यालाही लोळवले आणि देशात अनेक ठिकाणी दंगली पेटल्या. जॉन्सनला पाहायला गर्दी लोटे, पण त्यातल्या बहुतेकांना तो हरलेला पाहायचा असे. १९१३ मध्ये त्याला वर्णद्वेषातून दोषी ठरवले गेले. माफी मिळाली ती २०१८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ७० हून अधिक वर्षांनी. बचावाच्या कलेत त्याच्या तोडीचा त्या काळी कोणी नव्हता, हे निर्विवाद आहे.

महंमद अलीच्या ठायी थोरवी आणि लोकप्रियता एकत्र आल्या, पण त्याही सरळ वाटेने नव्हे. १९६४ मध्ये सनी लिस्टनला हरवून तो जगज्जेता झाला तेव्हा अर्ध्या अमेरिकेला तो तोंडाळ वाटत होता. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनमध्ये त्याने सैन्यभरतीला नकार दिला. व्हिएतनाममधील युद्ध त्याला मान्य नव्हते. विजेतेपद गेले, परवाना गेला आणि उमेदीची साडेतीन वर्षे रिंगणाबाहेर गेली. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. माणसाने स्वतःच्या शब्दाची किंमत मोजली, हे लोकांनी पाहिले होते. पुढच्या प्रेमाचा पाया तिथे आहे.

३० ऑक्टोबर १९७४ च्या पहाटे झाईरमधील किन्शासा येथे अलीसमोर जगज्जेता जॉर्ज फोरमन होता : वय २५, ४० पैकी ४० लढती जिंकलेला, त्यांतल्या ३७ नॉकआउटने. अली ३२ वर्षांचा. जो फ्रेझर आणि केन नॉर्टन या दोघांनीही अलीला हरवले होते, आणि फोरमनने त्या दोघांना दोन-दोन फेऱ्यांत संपवले होते. दुसऱ्या फेरीपासून अली दोरांना पाठ टेकून उभा राहू लागला. हात चेहऱ्यापुढे, कोपरे बरगड्यांशी. सैल दोरांवर तो मागे रेलायचा आणि फोरमनचे ठोसे त्याच्या हातांवर, खांद्यांवर आदळायचे. कोपऱ्यातून प्रशिक्षक अँजेलो डंडी ‘दोरांपासून दूर हो’ असे ओरडत होता. अलीने ऐकले नाही. उकाड्यात मारून मारून फोरमनचे हात जड झाले. आठव्या फेरीच्या अखेरीस अली दोरांवरून सुटला, डाव्या ठोशाने फोरमनचे डोके वर आले आणि उजवा ठोसा नेमका चेहऱ्यावर बसला. फोरमन गिरकी घेत खाली जात असताना अलीने उजवी मूठ उगारून धरली होती. त्याने ती मारली नाही. माझ्या मते त्या लढतीतला सर्वांत मोठा क्षण तो आहे.

भारतालाही अलीचे दर्शन घडले. १९८० मध्ये तो भारतात आला आणि दिल्लीत पंजाबच्या कौर सिंग यांच्याबरोबर प्रदर्शनीय लढत खेळला. कौर सिंग यांनी १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत हेवीवेटचे सुवर्ण जिंकले.

थोर असूनही प्रेमाला पारखा राहिलेला खेळाडू म्हणजे लॅरी होम्स. त्याचा जॅब या गटातल्या सर्वोत्तम जॅबपैकी एक. १९७८ ते १९८५ एवढा काळ तो जगज्जेता होता. पण २ ऑक्टोबर १९८० रोजी लास वेगासमध्ये त्याच्या वाट्याला म्हातारा, आजाराकडे झुकलेला अली आला. एकेकाळी अलीचा सरावातला जोडीदार असलेला होम्स त्या रात्री जिंकला आणि रडला. लोकांनी मात्र आपल्या देवाला मारणारा हात विसरला नाही. होम्सवर हा अन्याय झाला असे स्पष्ट म्हणायला हवे.

धाकानेही गर्दी जमते. माइक टायसन १९८६ मध्ये २० व्या वर्षी जगज्जेता झाला, तेव्हा लोक लढतीला उशिरा पोहोचायला घाबरत, कारण तोवर ती संपलेली असे. फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसने त्याला दहाव्या फेरीत पाडले आणि तो धाक एका रात्रीत ओसरला. उलट व्लादिमिर क्लिच्को नऊ वर्षांहून अधिक काळ अजिंक्य राहिला, पण सावध खेळामुळे तो अनेकांना नीरस वाटे. २९ एप्रिल २०१७ रोजी वेम्बलीत सुमारे ९०,००० प्रेक्षकांपुढे अँथनी जोशुआला पाडून, स्वतः पडून आणि पुन्हा उठून अकराव्या फेरीत तो हरला, तेव्हा त्याला जी वाहवा मिळाली ती जिंकताना क्वचितच मिळाली होती.

जगज्जेतेपद देणाऱ्या चार संघटना आणि त्यांचे चार पट्टे यांमुळे खरा जगज्जेता कोण, हे सामान्य प्रेक्षकाला कळेनासे झाले. हेवीवेटची ओढ या गोंधळाने नक्कीच कमी केली. १८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकने टायसन फ्युरीला हरवून चारही पट्टे एकत्र केले, तेव्हा कितीतरी वर्षांनी या प्रश्नाला एकच उत्तर मिळाले.

किन्शासात हरलेल्या फोरमनने पुढे खेळ सोडला, धर्मोपदेशक झाला आणि दहा वर्षांनी वाढलेल्या वजनासह, हसऱ्या चेहऱ्याने परतला. तरुणपणी ज्याच्याजवळ जायला लोक बिचकत, तो आता सगळ्यांना आपलासा वाटू लागला. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी लास वेगासमध्ये तो ४५ वर्षांचा होता आणि जगज्जेत्या मायकेल मूररविरुद्ध गुणांनी मागे होता. अंगात किन्शासातलीच लाल चड्डी, कोपऱ्यात त्या रात्री अलीच्या बाजूला असलेला अँजेलो डंडी. दहाव्या फेरीत उजव्या हाताचा एक आखूड ठोसा मूररच्या जबड्यावर बसला. पंचाने दहा आकडे मोजले तरी मूरर उठला नाही, आणि फोरमन आपल्या कोपऱ्यात जाऊन गुडघ्यांवर बसला.